व्हेनिसमध्ये घरगुती गेस्टहाऊसवर मुक्काम: नाशिककरांसाठी घर निवडण्यापासून किल्ली परत देईपर्यंत

नाशिकहून जाणाऱ्या युरोपच्या बहुतेक टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बोटीने सान मार्को चौकाजवळ उतरायचं, फोटो काढायचे, जमलं तर गोंडोलात बसायचं आणि रात्री मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेतल्या हॉटेलात परत. पण व्हेनिस बघावं ते संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी आठच्या आत, कारण दिवसाची गर्दी तेव्हा शहरात नसते. त्यासाठी मुक्काम बेटावरच हवा आणि तो एखाद्या कुटुंबाच्या घरी असेल तर उत्तमच. निदान तीन रात्री राहा.

अशा घरात दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी असतात आणि मालक तिथेच किंवा जवळपास राहतात. रिसेप्शन नाही, लिफ्ट बहुधा नाही, रात्री दार उघडायला कोणी बसलेलं नाही. त्यामुळे मुक्काम सुखाचा होणार की नाही, हे निघण्याआधी तुम्ही काय विचारलंत आणि काय कळवलंत यावर ठरतं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

कधी जायचं

आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी गल्ल्यांत चढण्याचा हंगाम असतो. जाऊ नये असं नाही, पण तळमजल्यावरची खोली घेऊ नका. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतचा काळ शाळेच्या सुट्टीत बसतो आणि हवाही चांगली असते, मात्र गर्दी आणि भाडं दोन्ही जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास असतात, म्हणून एसी आहे का ते विचारूनच घर घ्या. फेब्रुवारीतला कार्निव्हल आणि जुलैच्या तिसऱ्या रविवारचा रेदेन्तोरे उत्सव या काळात खोल्या फार आधी भरतात. कार्निव्हल सोडला तर जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त. थंडी सोसणाऱ्यांनी तेव्हाच जावं.

थंडीबद्दल एक बारकावा: उत्तर इटलीच्या या पट्ट्यात घरांचं हीटिंग साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल इतकंच चालू ठेवता येतं, तेही दिवसाला ठरावीक तास. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात किंवा एप्रिलअखेरीस खोली गार वाटली, तर मालक कंजूस आहेत असं समजू नका. जास्तीचं ब्लँकेट मागा, ते मिळतं.

घर शोधताना पत्ता वाचायला शिका

बुकिंगच्या संकेतस्थळांवर ‘व्हेनिस’ शोधलं की मेस्त्रेतली घरंही येतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे पिनकोड. ३०१२१ ते ३०१२५ आणि ३०१३५ हे जुन्या शहराचे, ३०१३३ जुदेक्का बेटाचा, ३०१२६ लिदो बेटाचा. ३०१७ ने सुरू होणारा कोड दिसला की ते मेस्त्रे. स्वस्त आहे म्हणून ते घ्यायचं तर घ्या, पण बेट समजून घेऊ नका.

दुसरी खूण म्हणजे घराचा नोंदणी क्रमांक. इटलीत पर्यटकांना खोली देणाऱ्या प्रत्येक घराला ‘चिन’ नावाचा राष्ट्रीय क्रमांक लागतो. २०२५ पासून तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दारापाशी लावणं सक्तीचं आहे. व्हेनिस पालिकेतल्या घरांचा क्रमांक ‘आयटी’ या दोन अक्षरांनंतर ०२७०४२ असा सुरू होतो. मेस्त्रेही त्याच पालिकेत असल्याने यावरून बेट की मुख्य भूमी हे कळत नाही, पण घर नोंदणीकृत आहे की नाही हे कळतं. क्रमांकच नसेल तर ते घर सोडा.

आता भाग. जुन्या शहराचे सहा भाग आहेत: कान्नारेजो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. आजी-आजोबा बरोबर असतील तर आम्ही कान्नारेजोतला रेल्वे स्टेशनच्या बाजूचा पट्टा सुचवतो. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे लिस्ता दी स्पान्या रस्त्याने गेलं, तर गुल्ये पुलापर्यंत एकही पूल चढावा लागत नाही. या शहरात ही मोठी सोय आहे. तिथे चारशेहून अधिक पूल आहेत आणि जवळपास सगळे पायऱ्यांचे. शांतता हवी असेल तर कास्तेल्लोचा पूर्व भाग किंवा दोर्सोदुरो. सान मार्कोच्या आसपास भाडं सगळ्यात जास्त, गर्दीही सगळ्यात जास्त आणि जमीन सखल. राहण्यासाठी तो भाग टाळलेला बरा.

नकाशावर स्टेशनपासूनचं अंतर बघून घर ठरवू नका. बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल आहेत ते बघा. तीनशे मीटर आणि तीन पूल यापेक्षा सातशे मीटर आणि एकही पूल नाही, हे बॅगा घेऊन केव्हाही बरं.

खोलीच्या वर्णनातले काही इटालियन शब्द नीट बघा. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे एकच डबलबेड, ‘दोप्पिया’ म्हणजे सहसा दोन वेगळे पलंग. मित्र किंवा भावंडं जात असतील तर हा फरक महत्त्वाचा. ‘बान्यो प्रिवातो’ म्हणजे बाथरूम फक्त तुमचं, पण ते खोलीच्या आत असेलच असं नाही. पुढे ‘एस्तेर्नो’ लिहिलं असेल तर बोळातून जावं लागतं. ‘कोन्दिविझो’ म्हणजे इतर पाहुण्यांबरोबर सामाईक.

मालकांना पाठवायचा निरोप

बुकिंग झालं की लगेच एक आणि निघण्याच्या आठवडाभर आधी एक, असे दोन निरोप पाठवा. इंग्रजीत चालेल. मोबाइलवर भाषांतर करून इटालियनमध्ये पाठवलात तर वयस्क मालकांकडून उत्तर लवकर येतं. पहिल्या निरोपात हे विचारा:

- जवळचा बोटीचा थांबा कोणता, तिथून दारापर्यंत किती पूल?
- खोली कितव्या मजल्यावर, एकूण पायऱ्या किती?
- गल्लीचं नाव आणि नकाशावरची नेमकी खूण काय?
- चेक-इन किती ते किती, उशीर झाला तर जादा पैसे किती?
- लवकर पोहोचलो तर बॅगा ठेवता येतील का?
- न्याहारी भाड्यात धरली आहे का, मुक्काम कर माणशी किती आणि तो रोख द्यायचा का?

गल्लीचं नाव का मागायचं? कारण व्हेनिसमध्ये घरांना गल्लीनुसार नव्हे, तर भागानुसार एकाच ओळीने क्रमांक दिले आहेत. कास्तेल्लोत हा आकडा साडेसहा हजारांच्या पुढे जातो. ‘कास्तेल्लो ४१००’ एवढ्यावर घर सापडत नाही, आणि एकाच नावाच्या गल्ल्याही शहरात अनेक आहेत.

दुसऱ्या निरोपात विमानाची किंवा रेल्वेची वेळ, दारात पोहोचण्याची अंदाजे वेळ, माणसं किती, मुलांची वयं आणि जेवणातली पथ्यं कळवा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेळेचा. विमान दुपारी दोनला उतरतं म्हणून लोक ‘दोन वाजता येतो’ असं लिहितात. इमिग्रेशन, बॅगा, बस, बोट आणि चालणं धरलं तर दार गाठायला अडीच ते तीन तास जातात. तोवर मालक सगळी कामं सोडून तुमची वाट बघत असतात. उशीर होत असेल तर वाटेतून मेसेज करा, म्हणजे विमानतळावर मोबाइल डेटा चालू असेल अशी सोय नाशिकहूनच करून निघा.

मुक्काम कर भाड्यात नसतो. घराच्या प्रकारानुसार, भागानुसार आणि हंगामानुसार तो बदलतो, सलग ५ रात्रींपर्यंतच घेतात, १० वर्षांखालच्या मुलांना माफ असतो. पावती मागून घ्या.

याखेरीज २०२४ पासून ठरावीक दिवशी सकाळी ८.३० ते दुपारी ४ या वेळेत शहरात येणाऱ्या दिवसभराच्या पर्यटकांना प्रवेश शुल्क आहे. मुक्कामाला असणाऱ्यांना ते लागत नाही, पण माफीचा क्यूआर कोड पालिकेच्या संकेतस्थळावरून काढून जवळ ठेवावा लागतो. तुमच्या तारखांना तो लागेल का, हे मालकांना विचारा. त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे.

व्हिसासाठी घराचा कागद

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. शिवाय व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अनेक देश फिरणार असाल तर जिथे सर्वाधिक रात्री आहेत त्या देशाकडे अर्ज करायचा.

घरगुती गेस्टहाऊसच्या बाबतीत अडचण येते ती बुकिंगच्या कागदाची. संकेतस्थळावरच्या पावतीवर बहुतेकदा एकाच व्यक्तीचं नाव असतं. सगळ्यांची नावं पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी, तारखा, घराचा पूर्ण पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेलं पत्र मालकांकडून ईमेलने मागवा. मुंबईच्या केंद्रावर जायला सकाळची पंचवटी एक्स्प्रेस सोयीची, पण अपॉइंटमेंट दुपारची घ्या. गाडी रखडली तर सकाळची वेळ हुकते.

सामान

२३ किलोची एक मोठी बॅग आणू नका. माणशी ८-१० किलोच्या दोन छोट्या बॅगा असाव्यात, ज्या एका हाताने उचलून पूल चढता येईल. चाकांचा पुलावर उपयोग नाही, आणि घरातल्या जुन्या तेराझ्झो फरशीवर चाकं फिरवली तर ओरखडे उठतात. आत शिरल्यावर बॅग उचलूनच न्या.

खाऊ नेताना युरोपीय संघाचा नियम लक्षात घ्या: दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. तान्ह्या बाळाची दुधाची भुकटी मात्र सीलबंद डब्यात २ किलोपर्यंत चालते. ताजी फळं आणि कढीपत्ता, कोथिंबीर यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हौसेने द्राक्षं न्यायचा बेत रद्द करा. त्याऐवजी बेदाणे न्या. नाशिकचे बेदाणे आणि चिवडा ही यजमानांसाठी उत्तम भेट आहे. चिवडा तिखट असेल तर देताना सांगा.

आपल्या मोबाइल चार्जरची दोन पिनांची बारीक प्लग तिथे बसते. तीन गोल पिनांची बसत नाही, त्याला अडॅप्टर हवा. डासांसाठी मलम ठेवा, कारण कालव्यालगतच्या खिडक्यांना जाळी नसणं नेहमीचं आहे.

नाशिक ते दार

मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही, आखातात किंवा युरोपात बदलावं लागतं. नाशिक ते मुंबई विमानतळ चार ते पाच तास धरा. पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नसतो. विमानाच्या नऊ तास आधी नाशिक सोडलं की जीव टांगणीला लागत नाही.

मार्को पोलो विमानतळावरून दोन मार्ग आहेत. बसने पियाझ्झाले रोमाला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता. तिथे गाड्यांचा रस्ता संपतो, पुढे बोट किंवा पाय. दुसरा मार्ग विमानतळाच्या धक्क्यावरून थेट बोट. बसपेक्षा जास्त वेळ लागतो, पण घर कास्तेल्लोत किंवा उत्तर काठावर असेल तर बॅगा घेऊन पूल चढणं वाचतं. रेल्वेने येत असाल तर ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ला उतरू नका. त्यानंतर गाडी सरोवरावरच्या लांब पुलावरून जाते आणि ‘व्हेनेझिया सांता लुचिया’ हे शेवटचं स्टेशन येतं. तिथे उतरायचं.

शहरातल्या बोट-बसला वापोरेत्तो म्हणतात. ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, २४ तासांचा पास २५, ७२ तासांचा ४५. तीन रात्रींसाठी ७२ तासांचा पास सहज वसूल होतो. प्रत्येक वेळी चढण्याआधी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवा, नाहीतर पास असूनही दंड होऊ शकतो. पाठीवरची सॅक काढून पुढ्यात ठेवा. १ क्रमांकाची बोट ग्रँड कॅनॉलवर जवळपास प्रत्येक थांबा घेते, २ क्रमांकाची कमी थांबे घेते. बोटीत चढण्याआधी दिशा विचारा. एकाच धक्क्यावरून दोन्ही बाजूंना बोटी सुटतात.

थांब्यावर उतरल्यावर अरुंद गल्ल्यांत मोबाइलचा निळा ठिपका उड्या मारतो. तेव्हा भिंतीवर पांढऱ्या चौकटीत रंगवलेली गल्ल्यांची नावं वाचत जा आणि मालकांनी सांगितलेल्या चौकापाशी थांबून फोन करा. बरेचजण स्वतः घ्यायला येतात.

घरात शिरल्यावर

आत पाऊल टाकताना ‘पेर्मेस्सो’ म्हणायची तिथे रीत आहे. दुपारपर्यंत ‘बुओन्जोर्नो’, संध्याकाळी ‘बुओनासेरा’. मालकीणबाईंना ‘सिन्योरा’ म्हणा. पासपोर्ट मागितले तर बिचकू नका: पाहुण्यांची नोंद २४ तासांत पोलिसांकडे ऑनलाइन करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तान्ह्या बाळाचाही पासपोर्ट दाखवावा लागतो. नोंद झाली की परत घ्या.

किल्ल्या दोन-तीन असतात: रस्त्यावरच्या दाराची, घराची, खोलीची. रस्त्यावरचं दार आपोआप बंद होतं, म्हणून ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणतानाही किल्ली खिशात हवी. मालक समोर असतानाच प्रत्येक कुलूप एकदा स्वतः उघडून बघा.

बाथरूमबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या पाहुण्यांची आणि यजमानांची कटकट होते ती इथेच. तिथल्या बाथरूमला शॉवरची चौकट सोडून मोरी नसते. फरशीवर पाणी ओतलं तर ते जायला वाट नाही. खाली लाकडी तुळयांवरचं जुनं छत असतं, पाणी झिरपून खालच्या घरात डाग पडतो आणि नुकसानीचं बिल तुमच्याकडे येतं. आंघोळ शॉवरच्या आतच, पडदा आत घेऊन किंवा दार लावून करा. कमोडशेजारी बिदे, म्हणजे धुण्यासाठीचं बसकं भांडं असतं, त्यात कोमट पाणी येतं, ते वापरा. मगाने पाणी घेऊन बाहेर सांडू नका. गरम पाण्याचा बॉयलर बऱ्याचदा छोटा असतो, चौघांनी लागोपाठ आंघोळ केली तर शेवटच्याला गार पाणी. अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. शहराच्या जुन्या भागात सांडपाणी टाक्यांतून आणि दगडी नाल्यांतून कालव्यात जातं, म्हणून टॉयलेट पेपरखेरीज काहीही कमोडमध्ये टाकू नका आणि चहाचा चोथा, तेल सिंकमध्ये ओतू नका.

विजेचंही असंच आहे. इटलीत घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॉटची. २००० वॉटची किटली आणि हेअर ड्रायर एकदम लावले की संपूर्ण घराची वीज जाते आणि मीटर अनेकदा खालच्या जिन्यात असतो. किटली, इस्त्री, ड्रायर एका वेळी एकच. स्वयंपाकघर पाहुण्यांसाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते घरच्यांचं. खोलीत फोडणी तर मुळीच नको. धुराने अलार्म वाजतो आणि वास पडद्यांत राहतो.

कचरा दाराबाहेर ठेवून जाऊ नका. ओला, कागद, काच-प्लास्टिक-धातू असा वेगळा करतात, सकाळी ठरलेल्या वेळी पालिकेचे कामगार न्यायला येतात. कोणत्या दिवशी काय, हे मालक सांगतात. नळाचं आणि चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्या विकत घेऊ नका. रात्री अकरानंतर गल्लीत हळू बोला. कालव्याच्या दोन भिंतींमध्ये आवाज घुमतो आणि समोरच्या घरात प्रत्येक शब्द जातो.

शाकाहारींसाठी

न्याहारी बहुधा गोड: कॉफी, ब्रियोश (मऊ गोड पाव), साधा पाव, मुरांबा, दही, फळं. ब्रियोशमध्ये अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी तसं आधीच कळवलं तर साधा पाव आणि चीज ठेवतात. यजमानांना सांगताना नुसतं ‘शाकाहारी’ पुरत नाही. ‘निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो’ म्हणा, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा रस्साही नाही. जैन मंडळींनी ‘सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो’ जोडावं, कांदा-लसूण नको.

बाहेर जेवताना ‘बिगोली इन साल्सा’ हा पास्ता साधा दिसतो, पण त्यात कांद्याबरोबर खारवलेले मासे असतात. वाटाणे-भाताच्या ‘रिझी ए बिझी’त मांसाचा रस्सा असू शकतो. पार्मेजानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या, दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने बनतं. हे चालत नसेल तर ‘पिझ्झा मारिनारा’ मागा, त्यावर चीज नसतं. तिरामिसूत कच्चं अंडं असतं. रिआल्तो पुलाजवळचा भाजीबाजार सोमवार ते शनिवार सकाळी भरतो, तिथली फळं आणि टोमॅटो घेतले की एक वेळचं जेवण भागतं. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ दिसेल. ते टेबलाचं शुल्क आहे, फसवणूक नव्हे.

पाणी चढलं तर

गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागला की छातीला, यावर आपण नाशिककर पुढचा अंदाज बांधतो. व्हेनिसमध्ये तसा मापनबिंदू पुन्ता देल्ला सालूते इथे आहे आणि १८९७ साली ठरवलेल्या शून्य पातळीपासून सेंटिमीटर मोजतात. फरक एवढाच की तिथे पाणी धरणातून सोडलेलं नसतं, भरतीचं असतं. ते दोन-चार तासांत ओसरतं आणि वेळ आधी कळते.

साधारण ८० सेंटिमीटरला सान मार्को चौकाच्या सखल भागात पाणी येतं. ११० चा अंदाज असला की सरोवर समुद्राला मिळतं त्या तीन तोंडांवरचे, ‘मोझे’ या भरती अडवणाऱ्या यंत्रणेचे ७८ दरवाजे उभे करतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ते भरतीसमोर पहिल्यांदा उभे राहिले. त्याआधी १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. आता शहर बरंच वाचतं, पण ८० ते ११० मधल्या भरतीला दरवाजे सहसा बंद होत नाहीत, त्यामुळे चौक अजूनही भिजतो.

अशा दिवशी सकाळी मालकांना भरतीची वेळ विचारा आणि त्या तासांत सान मार्को सोडून उंच भागात फिरा. फळ्यांच्या वाटा मांडलेल्या असतील तर त्यावर थांबून फोटो काढू नका, मागची रांग अडते. दाराला आडवी धातूची पट्टी बसवली असेल तर ती ओलांडून जा, काढू नका. भरतीला पुलांखालची जागा कमी होते म्हणून काही बोटी मार्ग बदलतात. त्याच दिवशी विमान असेल तर हे लक्षात ठेवून निघा.

निघताना

चेक-आऊट बहुधा दहा-अकराला. रात्रीचं विमान असेल तर बॅगा ठेवू द्याल का, हे आदल्या संध्याकाळी विचारा. पहाटेचं असेल तर न्याहारी बांधून मागा आणि रात्रीच्या ‘एन’ बोटीची वेळ आधीच बघून ठेवा. इटलीत वाहतुकीचे संप पूर्वघोषित असतात, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी ‘शोपेरो’ आहे का एवढं विचारायला विसरू नका. संपातही काही तासांची सेवा चालू राहते, ते तास मालकांना माहीत असतात. मुक्काम कराची पावती घ्या, खिडक्यांची लाकडी दारं आकड्याला अडकवा, आणि किल्ल्या टेबलावर ठेवायच्या की हातात द्यायच्या ते ठरवून घ्या. रस्त्यावरचं दार ओढून घेतल्यावर आत राहिलेलं काही घ्यायला परत जाता येत नाही, तेव्हा चार्जर आणि पासपोर्ट आधी तपासा.